दिवा माणसावर, नळी जमिनीवर

आयोवा, ९ नोव्हेंबर १९९७

स्वस्ति. शस्त्रपाणि, तमोविजयिनी भ्रातृजाया मार्लिस हिला धाकट्या दिराचा लांबूनच नमस्कार. लांबूनच, कारण यापुढे तुझ्या जवळ येताना विचार करावा लागणार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, अक्षर तुझं आहे पण मजकूर दुसऱ्याच कुणाचा. एकसष्टाव्या वर्षी तिकडच्या बायका गोधड्या शिवतात, चर्चच्या तळघरात कॉफी ओततात, फार तर फ्लोरिडाला जाऊन उन्हात वाळत पडतात. तू रायफल क्लबात नाव घातलंस. तेही अंधारात पिस्तूल चालवायच्या वर्गात, एका हातात बॅटरी धरून! अगं, आधी उजेडात तरी शिकायचं. सुईत दोरा ओवायला तुला माझा चष्मा लागायचा.

आमच्या शास्त्रात एक जुनी दोरी आहे. संध्याकाळी वाटेत पडलेली असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साप वाटते. शतकानुशतकं पंडित तिच्याभोवती उभे राहून भांडताहेत, पण त्यांच्यातल्या एकानेही तिच्यावर गोळी झाडल्याचं ऐकिवात नाही. हे मी वर्गात सांगितलं तर माझे चारही विद्यार्थी हसले. (यंदा चार आहेत. संस्कृतला बरे दिवस आलेत.)

आता गंमत पुरे. आउने यांच्याकडे चोरी झाली, बोटीचं इंजिन आणि फ्रीझरमधलं हरणाचं मांस गेलं, म्हणून शिकतेय असं तू लिहितेस. पण आउने राहतात तळ्यापलीकडे, आणि चोरी झाली ऑगस्टात. तू नाव घातलंस पहिला बर्फ पडल्यावर. माझ्या भावाला, ओरिनला, एप्रिलात आपण दफनभूमीत पोचवून आलो तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "आता मला कशाचीच भीती नाही, जायचं ते गेलं." मग आता ही भीती कसली? सांगायचं नसेल तर यंदा लेफ्सं, ते तुझ्या बटाट्याच्या पोळ्यांचं प्रकरण, किती लाटलंस ते लिही. मी समजून घेईन.

तुझा दीर,
लेलंड

*

लून तळं, मिनेसोटा, १७ नोव्हेंबर

पंडित,

लेफ्सं अजून लाटलेलं नाही, तेव्हा तुझी सुटका नाही.

आमची मास्तरीण व्हर्ना केटुनेन. काउंटीच्या तुरुंगात उभी हयात काढून निवृत्त झाली. बुटकी आहे, मिरच्या विकणारीसारखं बोलते. वर्ग क्लबाच्या तळघरात. ती सगळे दिवे घालवते आणि आम्हाला नुसतं उभं करते. पहिल्या दिवशी मला कळलं की अंधाराला रंग कमी आणि वास जास्त असतो. बंदुकीच्या तेलाचा, जळक्या बारुदीचा, ओल्या लोकरीचा.

डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात पिस्तूल. बॅटरीचं बटण तिच्या बुडाशी असतं, अंगठ्याने दाबायचं. दाबलं, पाहिलं, सोडलं, की लगेच एक पाऊल बाजूला, कारण उजेड पडला की समोरच्याला तुझी जागा कळते. जागाच कळते पण. बॅटरीच्या मागे कोण आहे, काय करतंय, हे त्याला काही दिसत नाही. व्हर्ना म्हणते, "ज्याच्यावर उजेड, तो आंधळा. तेवढ्या वेळापुरती तू देव असतेस. म्हणून नीट वाग."

नीट वागायचं म्हणजे असं: दिवा माणसावर, नळी जमिनीवर. पाहण्याचं काम बॅटरीचं, पिस्तुलाचं नाही. आधी हात पाहायचे, मग चेहरा. आपलं माणूस निघालं तर नळी आहे तिथेच राहते. आम्हा सगळ्यांना ती हे तोंडाने म्हणायला लावते, शाळेतल्या पोरांसारखं.

आणखी एक नेम आहे तिचा. अंधार पडला की घरात कोण कोण आहे ते मोठ्याने म्हणायचं. त्याशिवाय पिस्तुलाला हात लावायचा नाही. "न मोजलेल्या घरात गोळी चोराला लागत नाही," ती म्हणते, "उठून पाणी प्यायला गेलेल्या पोरीला लागते." मग तिने एकेकाला विचारलं.

हार्डवेअरच्या दुकानातले ते दोघे स्कूग बंधू आहेत ना, त्यातला थोरला म्हणाला, "आम्ही दोघं आणि आई. पण आईला कशाला मोजायचं? ती कुणाचं ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणूनच मोज, गाढवा."

दातांचा डॉक्टर म्हणाला, "पाच, मांजर धरून."

मी म्हणाले, "दोन."

"कुत्रं धरून?"

"कुत्रं नाही."

व्हर्नाने माझ्याकडे जरा पाहिलं आणि पुढच्याकडे वळली. बाकी सगळं ठीक. नेम बरा लागतोय. चष्मा माझा स्वतःचा आहे.

मार्लिस

*

आयोवा, २२ नोव्हेंबर

नैकभुजे, एका करी दीप आणि दुज्या करी अग्निनलिका धारण करणाऱ्या देवी,

तुझं पत्र वाचून मी खोलीत विजेचा दिवा घालवून उभा राहिलो. मला जुन्या पुस्तकांचा आणि शेजारणीच्या कांद्याचा वास आला. माझ्यावर कुणी हल्ला केलाच तर तो शाकाहारी असेल.

"दोन" म्हणालीस ते मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या भाषेत दोघांसाठी निराळं वचनच आहे. एकासाठी एक, पुष्कळांसाठी एक, आणि मध्ये केवळ दोघांचं. छत्तीस वर्षं जे त्या मधल्या वचनात राहिले त्यांची जीभ एकदम कशी वळेल? मीही रविवारी तुला फोन करतो तेव्हा "ओरिनला दे" ओठांवर येतं, आणि मग मी हवापाणी विचारतो. म्हणून तर आपण हवेबद्दल इतकं बोलतो. सवय आहे ती, दुसरं काही नाही.

थँक्सगिव्हिंगला इकडे येतेस का? टर्की मीच भाजेन. व्हर्नाबाईंच्या शिस्तीत सांगायचं तर आधी धूर पाहायचा, मग चेहरा.

लेलंड

*

लून तळं, ३ डिसेंबर

पंडित,

थँक्सगिव्हिंगला घर सोडून येता आलं नाही. का ते सांगते. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच विनोद केला असतास.

सवय नाही ती. मी मोजूनच दोन म्हणाले.

पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळपासून मागच्या पडवीत बूट वाजतात. इकडे आता चारलाच दिवस मावळतो. मी चुलीशी असते. बाहेर उंबऱ्यावर बूट आपटतात, डावा दोनदा, उजवा एकदा. तुमच्या आईने तुम्हा दोघा भावांना बर्फ झाडायला शिकवलं ते तसंच, नाही? जगात दुसरं कुणी तसं झाडत नाही. मग काही नाही. कडी वाजत नाही, दार उघडत नाही. मी पानं घेते. थोड्या वेळाने त्याचं पान उचलते.

मी कधी दार उघडून पाहिलं नाही. दिवाही लावला नाही. तिथला बल्ब काढून ठेवलाय.

परवा वर्गात प्लायवूडच्या घराचा धडा होता. चार खोल्या, काळोख, आणि कोपऱ्याकोपऱ्यात कागदी माणसं. कुणाच्या हातात सुरा, कुणाच्या हातात नुसतं पाकीट. तिसऱ्या खोलीत मी बटण दाबलं. एक पुरुष, हातात काहीतरी काळं. आधी हात पाहिला. थर्मास होता. नळी खालीच ठेवली. सगळं बरोबर झालं, आणि मग मी त्याला म्हणाले, "पडवीत उभा राहू नकोस, जेवण झाकून ठेवलंय."

स्कूग बंधू हसले. व्हर्ना हसली नाही. वर्ग संपल्यावर तिने मला गाडीपर्यंत पोचवलं.

"मार्लिस, घरात दुसरं कोण आहे?"

मी सांगितलं. तिने मला वेडी म्हटलं नाही. म्हणाली, "तुझा नवरा आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पण पायरीवर बूट वाजले की तो ओरिनच, असं तू धरून चालतेस. उद्या दुसरंच कुणी आलं तर? ज्या घराची मोजदाद नक्की नाही तिथे पिस्तूल राहता कामा नये. एकदा त्या पडवीत बॅटरी टाक. मग मला आकडा सांग. एक सांग, दोन सांग, पण पाहून सांग. तोवर मी तुला पास करणार नाही."

तिचं बरोबर आहे. पण लेलंड, मी हा वर्ग कशासाठी लावला ते आता तुला कळलं असेल. चोर येईल म्हणून नाही. अंधारात दिवा टाकून पाहायला शिकवतात असं ऐकलं म्हणून. मला वाटलं, शिकले तर धीर येईल. आता शिकले आहे. अंगठा बटणावर ठेवून चुलीशी उभी राहते, बूट वाजतात, आणि दाबवत नाही.

तो तिथे असेल याची मला भीती नाही. उजेड पडेल आणि पडवीत नुसता खुंटीवरचा त्याचा कोट दिसेल, याची आहे.

मार्लिस

*

आयोवा, ८ डिसेंबर

मार्लिस,

आज देवी नाही आणि समासही नाहीत.

तुझं पत्र कोटाच्या खिशात घेऊन मी दोन दिवस हिंडतोय. एकदा वाटतं, तू दुःखी आहेस एवढंच. एकदा वाटतं, संध्याकाळी काळोखात, भरलेलं पिस्तूल हातात घेऊन, मेलेल्या माणसाची वाट पाहत उभी राहणारी बाई, ती माझी वहिनी आहे, आणि मी इथे विभक्तिप्रत्यय शिकवतोय.

एक विनंती. मी येईपर्यंत ते पिस्तूल व्हर्नाकडे ठेव. सत्र संपलं की शनिवारी, वीस तारखेला, मी निघून येतो. पडवीत बॅटरी टाकायची असेल तर मी शेजारी उभा राहतो. जे दिसेल ते दोघं मिळून पाहू.

ठेवशील ना?

लेलंड

*

आयोवा, २२ डिसेंबर

प्रकाशदात्री, जठराग्निशमनी मार्लिस,

सुखरूप पोचलो. तू दिलेलं हॉटडिशचं, त्या भाजलेल्या मांस-बटाट्याचं, भांडं गाडीत सांडलं नाही. कुठेकुठे थोडं सांडलं ते मी चाटलं. तीन दिवस तू मला खाऊ घातलंस आणि आपण त्या संध्याकाळबद्दल अवाक्षर बोललो नाही. समोरासमोर आपण नेहमीच हवेवर बोलतो, म्हणून आता लिहितो.

शनिवारी येणारा मी बुधवारीच टपकलो, यात दोष वादळाचा. रेडिओवाला म्हणाला, गुरुवारपासून रस्ते बंद. तुला कळवायला फोन केला तर तुमच्याकडच्या तारा आधीच बर्फाने तुटलेल्या. गाडी मोठ्या रस्त्याजवळ रुतली, मग चालत आलो. घरात वीज नाही, एक खिडकी उजळ नाही. बगलेत विस्कॉन्सिनचं चीज. मागच्या पायऱ्या चढलो, बूट झाडले, कडी काढून दार लोटलं.

आतून तू म्हणालीस, "आलास?"

आणि मग सूर्य उगवला. पांढराफटक. मार्लिस, ती बॅटरी आहे की प्रलयकाळचा आदित्य? मला माझं स्वतःचं नाकसुद्धा दिसेना. मी म्हणालो, "मी लेलंड." काही नाही. पुन्हा म्हणालो, "अगं, मी लेलंड, चीज आणलंय." तरी काही नाही. मला वाटलं, भुवयांवर इतका बर्फ साचलाय की ही मला ओळखत नाही, आता चीजसकट मरतो. मग अंधार झाला आणि त्यातून तुझा आवाज आला, "जेवलास का?"

तुझे डोळे तपासून घे. सख्ख्या दिराला ओळखायला इतका वेळ!

पण एक गोष्ट चांगली झाली. तिन्ही संध्याकाळी मी चुलीशी बसून कान देऊन ऐकत होतो. पडवीत काही वाजलं नाही. तू उजेड टाकलास आणि साप गेला, दोरीही गेली. व्हर्नाने पास केलं असेलच. अभिनंदन.

लेलंड

*

लून तळं, ११ जानेवारी १९९८

लेलंड,

नाताळचं सगळं आवरलं, तुझं पत्र टेबलावर तसंच होतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू लिहितोस की मी तुला ओळखायला वेळ लावला, आणि ते तसंच राहू देणं मला जमत नाही.

पिस्तूल व्हर्नाकडे ठेव म्हणालास, ते मी ठेवलं नव्हतं. शनिवारी सकाळी देणार होते.

त्या संध्याकाळी बूट वाजले. डावा दोनदा, उजवा एकदा. रोजच्यासारखी मी उभी राहिले. आणि मग कडी वाजली. कडी कधीच वाजत नव्हती, लेलंड. माझ्या अंगातून असं काही गेलं की ते मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, "आलास?" आणि कशी कोण जाणे, अंगठा दाबला. दिवा माणसावर, नळी जमिनीवर. आधी हात पाहिले. एका हातात हातमोजा, दुसऱ्या हातात चीज. मग चेहरा. ओरिनचं नाक, ओरिनच्या भुवया, आणि मध्ये तू.

मी तुला पहिल्या क्षणी ओळखलं. बर्फ होता तरी ओळखलं.

आणि ओळखल्यावर नळी वर आली.

आधी नाही. कोण आहे ते ठाऊक नव्हतं तोवर ती खाली होती, शिकवल्याप्रमाणे. तू आहेस हे नीट पाहिलं, आणि मग माझा हात वर आला. तू "मी लेलंड" म्हणालास, आणि मला वाटलं, हो, दिसतंय मला, तूच आहेस, तूच का आहेस? तू दुसऱ्यांदा म्हणालास तेव्हाही हात वरच होता. तुला काही दिसत नव्हतं. ज्याच्यावर उजेड असतो त्याला दिसत नाही. मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते. तू चीज छातीशी धरून हसत होतास.

बोट चापावर नव्हतं. हे खरं आहे. रोज सकाळी मी स्वतःला सांगते की हे खरं आहे.

तिथे चोर असता तर नळी खालीच राहिली असती असं मला वाटतं. चोराचा मला काय राग?

पुढच्या वर्गात व्हर्नाने विचारलं, "किती?" मी म्हणाले, "एक." ती म्हणाली, "पास." मग सगळे गेल्यावर मी तिला हे सांगितलं. ती बराच वेळ टेबलावरची रिकामी काडतुसं एका डब्यात टाकत राहिली. म्हणाली, "जे अंधारात चुकतात त्यांना मी शिकवू शकते. तू चुकली नाहीस. सगळं नीट पाहिलंस, आणि तरी हात वर आला. त्यावर माझ्याकडे धडा नाही." आणि तिने हात पुढे केला. मी पिस्तूल दिलं. तिने ते तपासलं, रिकामं केलं आणि म्हणाली, "मागायला येऊ नकोस."

"येणार नाही," म्हटलं.

तू गेल्यापासूनही पडवीत काही वाजत नाही. तू म्हणतोस ही गोष्ट चांगली झाली. झाली असेल. मी आता एकच पान घेते. पण त्या संध्याकाळी तू आलास आणि तो गेला, हे माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून यापुढे येऊ नकोस असं लिहिणार होते. लिहवत नाही. तू ठरव.

मार्लिस

*

आयोवा, १ फेब्रुवारी

मार्लिस,

तुझं पत्र मिळालं. तीन आठवडे लिहिलं नाही ते भीतीने नाही, लाजेने. तू खरं लिहिलंस. आता माझं ऐक.

तुला न विचारता मी व्हर्नाला फोन केला होता. पिस्तूल तिच्याकडे ठेव असं तुला लिहिलं त्याच दिवशी. तिने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: "घराजवळ आलास की रस्त्यापासूनच तुझं नाव घेऊन ओरड. पायरीवर चढू नकोस. आणि ते बूट, देवाशपथ, ते बूट आपटू नकोस."

तुमच्या फाट्यापासून घरापर्यंत मी चालत आलो, आणि एकदाही तोंड उघडलं नाही. वारा होता असं म्हणता येईल. पायरीवर बूट झाडले. आईची सवय असं म्हणता येईल. पण तुझं पत्र माझ्या खिशात होतं, मार्लिस. कुठला बूट किती वेळा, ते मी वाचलेलं होतं. पायरीवर मी थांबलो आणि पाय उचलण्याआधी मला ते आठवलं. मग उचलला.

तुला फसवायचं नव्हतं. मला फक्त ऐकायचं होतं. अंधार पडल्यावर दारात कुणीतरी बर्फ झाडतंय, आणि आत चुलीशी कुणीतरी त्याची वाट पाहतंय, तेव्हा आतून हाक कशी येते ते. चोपन्नाव्या वर्षापर्यंत मी किती दारं उघडली असतील. एकातूनही तसा आवाज आला नाही.

तू म्हणालीस, "आलास?"

मी लगेच "लेलंड" म्हणायला हवं होतं. तू बटण दाबेपर्यंत पुष्कळ वेळ होता. मी गप्प राहिलो. तेवढ्यापुरता मी ओरिन होतो, आणि मला सांगायला शरम वाटते की छान वाटलं.

तेव्हा तुझा हात ज्याच्यावर उठला तो निरपराध नव्हता. तू चीज घेऊन हसणारा दीर पाहिलास. तो हसत होता कारण तो अजून त्या एका शब्दात उभा होता.

मी मार्चमध्ये येऊ म्हणतो. नको असेल तर एक रिकामं पोस्टकार्ड टाक, मी समजेन आणि कधी विचारणार नाही. कार्ड आलं नाही तर येईन. भर दुपारी, उन्हात, पत्रपेटीपासून माझंच नाव ओरडत, म्हणजे आउने यांनासुद्धा तळ्यापलीकडे ऐकू जाईल. दार उघडल्यावर तू मला काही म्हणायलाच हवंस असं नाही. जे काय म्हणशील, ते मला पाहून म्हण.

लेलंड